अहवालात नसलेलं पान

साखर कारखान्याच्या कार्यालयात प्रदूषणाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. "पर्यावरणाचं आम्हालाही कळतं हो, पण ते परवडलं पाहिजे ना!"

हे वाक्य खोटं आहे. दुसऱ्या एखाद्या धंद्यानं ते म्हटलं तर निदान बसून ऐकून घेता येईल, कागद मागवता येतील. साखर कारखान्याला ते म्हणायचा हक्कच नाही. टाकून द्यायच्या मालातून पैसा कसा उभा करायचा, हे या राज्यात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर ज्यांनी करून दाखवलं, ते हेच लोक आहेत.

बगॅस घ्या, म्हणजे उसाचा चोथा. टनभर ऊस गव्हाणीत पडला की शेवटच्या मिलमधून २८० ते ३०० किलो बगॅस बाहेर येतो, त्यातलं निम्मं वजन ओलाव्याचं. एके काळी हा बगॅस म्हणजे डोक्याला ताप होता. आवारात डोंगर साठायचे, उन्हाळ्यात पेट घ्यायचे. म्हणून बॉयलरही असे बसवले जायचे की ते बगॅस भरमसाट खातील. कमी दाबाचे, कमी कार्यक्षमतेचे. वाफ हवी तशी उधळायची, कारण बगॅस वाचवून करायचं काय, हा प्रश्नच होता. चिमणीतून निघणारी काजळी आसपासच्या गावांत दोरीवरच्या कपड्यांवर, शाळूच्या पानांवर, पाण्याच्या उघड्या हौदावर बसायची. लोकांनी तक्रारी केल्या, निवेदनं दिली. काजळी बसतच राहिली.

मग वीज विकता येऊ लागली. एवढंच झालं. महावितरणच्या तारेला जोडून युनिटचा पैसा मिळतो म्हटल्यावर जुने बॉयलर निघाले आणि ६७, ८७, ११० किलो दाबाचे आले. मिल फिरवणारी वाफेची जुनी टर्बाइनं काढून विजेच्या मोटारी बसल्या. पाइपांवर जाड वेष्टणं चढली, गळका व्हॉल्व्ह दिसला की फिटरला रात्री उठवून आणलं जाऊ लागलं. टनभर ऊस गाळायला निम्मा टन वाफ लागायची, ती चाळीस टक्क्यांच्या खाली आणणारे कारखाने निघाले. जो बगॅस फुकट घेऊन जा म्हणून विनवण्या होत्या, त्याचा टनावर भाव ठरू लागला. नव्या बॉयलरबरोबर राख पकडणारी यंत्रंही आली आणि बऱ्याच गावांतली काजळी कमी झाली. निवेदनांनी जे झालं नाही, ते वीजबिलाच्या पावतीनं झालं.

मळीचंही तेच. १९६१ च्या नियंत्रण आदेशाखाली मळीचा भाव सरकार ठरवायचं आणि तो इतका किरकोळ होता की कारखाने ती कच्च्या खड्ड्यांत साठवायचे. पावसाचं पाणी शिरलं, मळी वाहून गेली, तरी कुणाच्या पोटात दुखत नव्हतं. १९९३ मध्ये नियंत्रण उठलं आणि मळीला पोलादी टाक्या मिळाल्या. पुढे इथेनॉल आलं. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळण्याचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं गेलं, ते गाठलंही गेलं. आज मळीचा टँकर वजनकाट्यावरून पुढे-मागे झाला तर चौकशी बसते. रस गाळल्यावर टनामागे तीस-चाळीस किलो उरणाऱ्या प्रेसमडकडेही पूर्वी कुणी ढुंकून बघत नव्हतं. त्याचं कंपोस्ट होऊ लागलं, २०१८ पासून तेल कंपन्या त्यापासून बनवलेला बायोगॅस विकत घेण्याची हमी देऊ लागल्या, आणि प्रेसमड कुणाला द्यायचा यावर संचालक मंडळात चर्चा होऊ लागली.

म्हणजे नियम स्वच्छ आहे. ज्याला भाव आहे ते गेटबाहेर फुकट जात नाही. किलोकिलोनं मोजलं जातं, त्याच्यासाठी टाक्या बांधल्या जातात, माणसं नेमली जातात. ज्याला भाव नाही ते मागच्या दारानं ओढ्यात जातं. यात नफा आणि निसर्ग यांचं जन्माचं वैर कुठेच नाही. कुठल्या गोष्टीचा पैसा कारखान्याच्या खतावणीत येतो आणि कुठल्या गोष्टीचं बिल गावानं भरायचं, एवढाच सगळा प्रश्न आहे.

आता मागच्या दाराकडे जाऊ.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की मागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतो. गावात त्याला मळीचं पाणी म्हणतात. दिवसाला ६० हजार लिटरची मध्यम डिस्टिलरी धरा आणि लिटरमागे दहाच लिटर धरा, तर रोज सहा लाख लिटर. रंगानं काळपट तपकिरी, आम्लधर्मी, कॉलममधून बाहेर पडताना वाफाळता. घरगुती सांडपाण्यातली घाण कुजवायला लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. कच्च्या स्पेंटवॉशला चाळीस ते पन्नास हजार मिलिग्रॅम लागतो. माणशी दिवसाला ४५ ग्रॅमचा सरकारी हिशेब लावला तर या एका डिस्टिलरीचं कच्चं पाणी सहा लाख लोकवस्तीच्या सांडपाण्याइतका प्राणवायू खातं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. एका आवारातून निघणारा हा भार आहे आणि तो आवाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा कायदा आहे.

तरी जातो. एप्रिल-मे महिन्यात, नदीला धार उरलेली नसते तेव्हा. किंवा पहिला वळीव पडला की, स्पेंटवॉश साठवायची लगून भरून वाहिली या सबबीवर, रात्री. अशा ओढ्यावर सकाळी गेलं की आधी वास येतो. सडक्या अंड्यांचा आणि करपलेल्या गुळाचा, एकत्र. काठच्या दगडांवर काळी, बुळबुळीत साय धरलेली असते. पाणी वाहताना दिसतं पण त्याच्या तळाचं काही दिसत नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याला तपकिरी फेस साठतो आणि वारा सुटला की त्याचे पुंजके बांधावरच्या कडवळावर जाऊन बसतात. जनावरं पाण्यापर्यंत जातात, तोंड खाली नेतात आणि तसंच परत फिरवतात. नदीत पाण्यातला ऑक्सिजन पहाटे तसाही कमी असतो. त्यात हे पाणी मिसळलं की मासे वर येतात, पृष्ठभागाला तोंड लावून हवा ओढत राहतात. आधी मोठे मरतात. मग पोरं पाट्या घेऊन पाण्यात उतरतात, कारण मासे हातानं धरता येतात. दोन दिवसांनी काठावर कुजलेला खच आणि वर घारी.

कृष्णा आणि पंचगंगेच्या काठावर ही बातमी नवी राहिलेली नाही. नमुने घेतले जातात, पंचनामा होतो. कारखाना महापालिकेच्या नाल्याकडे बोट दाखवतो, महापालिका कापडाच्या प्रोसेसिंगवाल्यांकडे, प्रोसेसिंगवाले कारखान्याकडे. पंचगंगेत शहरांचं मैलापाणी येतं आणि कापड उद्योगाचं रंगीत पाणीही येतं, हे खरंच आहे. पण दुसऱ्याचं पाप मोठं आहे म्हणून आपलं पाणी गोड होत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ नोटीस काढतं, बँक गॅरंटी जप्त करतं, क्वचित उत्पादन बंद करायचा आदेश देतं. गॅरंटीची रक्कम कारखान्याच्या उलाढालीपुढे इतकी क्षुल्लक असते की ती किरकोळ खर्चात बसून जाते. दंड जर प्रक्रियेच्या खर्चापेक्षा स्वस्त असेल, तर हिशेबी माणूस दंड भरेल. यात त्याची नियत तपासण्याआधी आपण दराचं कोष्टक तपासावं.

तंत्रज्ञान नाही, असंही कुणी म्हणू नये. २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं उद्योगांबरोबर बसून सतरा प्रकारच्या प्रदूषणकारी उद्योगांसाठी सनद केली. त्यात डिस्टिलऱ्यांनी २००५ च्या अखेरीपर्यंत सगळा स्पेंटवॉश वापरून संपवायचा, असं ठरलं होतं. त्याला वीस वर्षं होऊन गेली. रीत माहीत आहे. स्पेंटवॉश आधी डायजेस्टरमध्ये घालायचा, त्यातून मिथेन निघतो, तो बॉयलरला इंधन म्हणून जातो. उरलेलं पाणी आटवायचं, ते काकवीसारखं दाट झालं की बगॅसच्या जोडीनं खास बॉयलरमध्ये जाळायचं. वाफ मिळते, वीज मिळते, खाली राख उरते. आटवताना निघालेलं पाणी स्वच्छ करून पुन्हा डिस्टिलरीत. हे बॉयलर बनवणारी थरमॅक्स पुण्याची आहे. डिस्टिलरीची यंत्रणा जगभर विकणारी प्राज पुण्याची आहे. मांजरीला १९७५ पासून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उभी आहे. सांगली-सोलापूरच्या कारखान्याला जे तंत्र हवं, ते अर्ध्या दिवसाच्या गाडीच्या अंतरावर मिळतं, आणि मराठीत समजावून मिळतं.

त्या राखेत पालाश, म्हणजे पोटॅश, असतो. भारत आपल्या गरजेचा जवळपास सगळा पोटॅश परदेशातून आणतो, आणि इथे तो उसातून शेतातून उचलून कारखान्यात आलेला, राखेत पडलेला आहे. केंद्रानं त्याला खत म्हणून मान्यता दिली, अनुदान लावलं. २०२४ मध्ये कारखान्यांनी तो खत कंपन्यांना टनाला ४,२६३ रुपयांनी द्यावा, असं ठरलं. राख पूर्वी रस्त्याच्या कडेला टाकली जायची. म्हणजे तिचाही बगॅस होऊ शकतो.

पण इथे प्रामाणिक राहायला हवं. पालाशच्या पैशातून त्या बॉयलरचं कर्ज फिटत नाही. आटवायला वाफ लागते, जाळायला बगॅस लागतो, नळ्यांवर राख चिकटते, बॉयलर वारंवार थांबवून साफ करावा लागतो. चीफ इंजिनीअरला विचारा, तो तोंड वाकडं करेल आणि त्याचं खरं असेल. प्रत्येक स्वच्छ गोष्टीतून नफा निघतोच, असं सांगत फिरणारे सल्लागार दिशाभूल करतात. काही गोष्टींतून फक्त खर्च निघतो. पण तो अल्कोहोल बनवण्याचा खर्च आहे, जसा मळीचा खर्च आहे, यीस्टचा आहे, कामगाराच्या पगाराचा आहे. पगार परवडत नाही म्हणून कुणी कामगाराला फुकट राबवत नाही. मग नदीला का राबवायचं?

हा खर्च इथेनॉलच्या भावात धरला गेला पाहिजे आणि तो भाव सरकार ठरवतं. २०२४-२५ मध्ये सी-हेवी, म्हणजे साखर काढून घेऊन शेवटी उरलेल्या, मळीच्या इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे होते, थेट रसापासूनच्याला ६५ रुपये ६१ पैसे. ज्या कारखान्यात स्पेंटवॉशचा थेंब बाहेर जात नाही त्यालाही तोच भाव आणि ज्याच्यामागचा ओढा काळा आहे त्यालाही तोच. खरेदीदार सरकारी तेल कंपन्या आहेत. निविदेत एक अट घालून हा फरक करता येतो. स्वच्छ कारखान्याला लिटरला थोडा जास्त भाव मिळाला असता, तर बगॅसचं जे झालं तेच स्पेंटवॉशचं झालं असतं. त्याऐवजी धोरणाचा भरवसा कसा, तर डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करायला एका आदेशानं बंदी आली, आठवड्याभरात ती सैल झाली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये उठली. कर्ज काढून यंत्रं बसवलेल्या कारखान्यांची त्या वर्षी जी तारांबळ उडाली, ती बघून पुढची गुंतवणूक कोण करणार? कारखान्यांची ही तक्रार रास्त आहे आणि ती त्यांच्या बाजूनं मांडायला मला काहीच अडचण वाटत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्या बाजूनं मांडण्यासारखं फारसं काही नाही.

उसात सत्तर टक्के पाणी असतं. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाच्या पोटातून रोज ३५ लाख लिटर पाणी येतं. त्यातलं सात-आठ लाख लिटर बगॅसमधल्या ओलाव्यात जातं. बाकीचं रस आटवताना वाफ होऊन उडतं आणि ती वाफ थंड केली की पुन्हा पाणी होतं, गरम, जवळपास शुद्ध. ते बॉयलरला चालतं, मिलवर शिंपडायला चालतं, गार करून धुण्या-पुसण्याला चालतं. नीट चालवलेल्या साखर कारखान्याला हंगामात नदीचं पाणी जवळपास लागायलाच नको. उलट त्याच्याकडेच पाणी उरायला हवं. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनीही टनामागे प्रक्रिया केलेलं सांडपाणी शंभर लिटर आणि कूलिंगचं शंभर लिटर, यापेक्षा जास्त बाहेर सोडायचं नाही, अशी मर्यादा घातली.

राज्याचा आकडा मांडून बघा. २०२१-२२ च्या विक्रमी हंगामात महाराष्ट्रानं १३ कोटी टनांहून जास्त ऊस गाळला. सत्तर टक्क्यांनी ९ कोटी टनांवर पाणी झालं, म्हणजे सव्वातीन टीएमसीच्या घरात. खडकवासला धरणात दोन टीएमसीच्या आतबाहेर पाणी मावतं. दीड खडकवासला भरेल इतकं पाणी शेतकऱ्यांनी बैलगाड्यांतून आणि ट्रॅक्टरमधून कारखान्यांच्या गव्हाणीत आणून टाकलं. ते पाणी गेलं कुठे? बगॅसमध्ये गेलेलं सोडा. उरलेलं किती धरून ठेवलं, किती कूलिंगच्या फवाऱ्यांतून हवेत उडालं, किती नाल्याला लागलं? आणि तरीही नदीवरच्या जॅकवेलमधून किती उचललं? या प्रश्नांची उत्तरं कारखान्यात आहेत. पाण्याला मीटर बसवायची अट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात असते.

याच पाण्यावर कारखान्याचं पोट आहे, म्हणून याचा राग जास्त येतो. २०१५-१६ मध्ये राज्यात सुमारे ८४ लाख टन साखर झाली होती. दुष्काळानं उसाच्या लागणी बसल्या आणि २०१६-१७ मध्ये ती ४२ लाख टनांवर आली. निम्मी. मराठवाडा-सोलापूरकडे कित्येक कारखान्यांची धुराडी पेटलीच नाहीत. पगार आणि व्याज मात्र थांबलं नाही. त्याच दुष्काळात, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. ते मिरजेहून भरलं होतं, कृष्णेचं होतं. ज्या नदीत आपण वर्षानुवर्षं मळीचं पाणी सोडतो, तिनं लातूरची तहान भागवली.

उसाखाली राज्यातलं पिकाखालचं क्षेत्र चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानं लिहून ठेवलं आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारनं उसाला ठिबक टप्प्याटप्प्यानं सक्तीचं करायचं ठरवलं. शिवारात हिंडून बघा, पाटानं पाणी अजून तसंच सुटलेलं आहे. रात्रीची वीज येते, मोटार चालू होते, माणूस झोपायला जातो. ठिबकचा खर्च शेतकऱ्याचा, वाचलेल्या पाण्याचा फायदा कुणाचा हे ठरलेलं नाही. इथेही तोच घोळ. कारखान्यानं ठिबकवाल्या उसाला टनामागे चार पैसे जास्त दिले, त्याच्या तोडीचा नंबर आधी लावला, तर पुढच्या हंगामात चित्र बदलेल. शेती अधिकाऱ्याच्या हातात ऊसनोंदीचं रजिस्टर असतं. त्यात एक रकाना वाढवायचा आहे.

शिरोळचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. कृष्णा-पंचगंगेच्या या तालुक्यात पाण्याच्या अतिवापरानं हजारो एकर जमीन क्षारपड झाली. आधी उसाचं टनेज घटतं, मग खोडवा उगवत नाही, मग रानावर पांढरी पापडी धरते आणि शेवटी तिथे वेडी बाभूळ उभी राहते. मालकाकडे सात-बारा असतो, पीक नसतं. तिथल्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं हे काम हाती घेतलं. जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचं जाळं टाकायचं, खारं पाणी निथळून काढायचं, जमीन धुऊन घ्यायची. एकट्या शेतकऱ्याला हे जमत नाही, कारण निचऱ्याचं पाणी खालच्याच्या रानातून न्यावं लागतं. गावं एकत्र आणावी लागतात, उतार मोजावा लागतो, भावकीची भांडणं मिटवावी लागतात. खर्च मुख्यतः शेतकऱ्यांनी कर्ज काढून उचलला आणि कारखाना त्यांच्या पाठीशी उभा राहिला. वर्षानुवर्षं पडीक पडलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला.

कारखान्यानं हे कशासाठी केलं? शेतकऱ्यांच्या कळवळ्यानं केलं असेलच. पण जमीन मेली की ऊस संपतो आणि ऊस संपला की कारखाना संपतो, हा सरळ व्यवहारही त्यात आहे. मला या व्यवहारात काही कमीपणा वाटत नाही. जमीन जगवणं हा कारखान्याचा स्वार्थ असेल तर तो स्वार्थ टिकेल. भाषणं टिकत नाहीत. एक शंका मात्र राहते, तीही सांगून ठेवतो. निचऱ्याचं खारं पाणी शेवटी ओढ्यालाच जातं. वरच्या अंगाला पाणी बेतानं वापरलं नाही, तर जमीन धुण्याचं हे काम कधीच संपणार नाही.

आता मालकाबद्दल. आज राज्यातले निम्म्याच्या आसपास कारखाने खासगी आहेत. तिथे मालक मुंबई-पुण्यात राहू शकतो, त्याच्या घरचं पाणी दुसऱ्या धरणातून येतं. सहकारी कारखान्यात तशी पळवाट नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये जे उभं केलं, त्याचा अर्थच असा होता की ऊस पिकवणारा हाच कारखान्याचा मालक. म्हणजे ओढ्याकाठी ज्याची विहीर आहे तोही मालक. ज्याच्या विहिरीला लालसर पाणी लागलं, ज्याची म्हैस आटली, ज्याच्या पोराच्या अंगाला खाज सुटली, त्याच्या नावावर कारखान्याचा शेअर आहे. त्याच्या उसाच्या मळीचं पाणी त्याच्याच विहिरीत येतं आणि वर त्याला सांगितलं जातं की हे थांबवलं तर तुझा दर कमी होईल. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकण्याचाही हा प्रकार नाही, कारण विहिरीचं नुकसान कुठल्याच खतावणीत लिहिलं जात नाही.

ते लिहायला लावणं सभासदाच्या हातात आहे. सहकारी कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी छापील अहवाल घरी येतो. गुळगुळीत कागद, पुढे संस्थापकांचा फोटो, मग ताळेबंद, नफा-तोटा, गाळप, उतारा, ऊसतोडणी-वाहतूक, मागच्या दहा हंगामांचा तक्ता. पाण्याचं पान नसतं.

हे पान नव्यानं लिहावंही लागणार नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या नियमांखाली संमती घेतलेल्या प्रत्येक कारखान्याला दरवर्षी पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, प्रदूषण नियंत्रण मंडळाला सादर करावं लागतं. त्यात पाणी किती वापरलं, उत्पादनाच्या एककामागे ते किती पडलं, सांडपाण्यातून रोज किती प्रदूषण बाहेर गेलं आणि ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा किती कमी-जास्त होतं, घनकचरा किती निघाला, प्रदूषण कमी करायला काय गुंतवलं, हे सगळं भरायचं असतं. त्याची मुदतही ३० सप्टेंबर. एकाच महिन्यात एकाच कारखान्यातून दोन कागद निघतात. सभासदाला एक मिळतो, मंडळाला दुसरा. दोन्ही एका बाडात शिवायला छापखान्याचे दोन-चार पानांचे पैसे लागतील.

तेव्हा या वर्षी अहवाल आला की एक लेखी प्रश्न द्या. फॉर्म पाचची प्रत अहवालाला का जोडलेली नाही, हे विचारा आणि पुढच्या वर्षीपासून ती जोडण्याचा ठराव सभेपुढे ठेवावा, अशी मागणी करा. जमलं तर स्पेंटवॉशचा वेगळा आकडा मागा: किती लिटर तयार झाला, किती जाळला, किती कंपोस्टला गेला, हंगाम संपला त्या दिवशी लगूनमध्ये किती शिल्लक होता. ही शिल्लक फार महत्त्वाची, पहिल्या वळवाला तीच बाहेर येते. "ऐनवेळच्या विषयात घेऊ" असं सांगितलं जाईल, त्या विषयापर्यंत सभा पोचत नाही, म्हणून प्रश्न नोटिशीत दिलेल्या मुदतीत द्या आणि आवक-जावक विभागाचा शिक्का मारलेली प्रत घ्या. कारखान्यानं फॉर्म दिला नाही तर तो मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयातून माहितीच्या अधिकारात मागता येतो. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. अर्जात कारखान्याचं संमतीपत्रही मागा, म्हणजे परवानगी किती पाण्याची होती ते शेजारी ठेवून बघता येईल.